३३ केव्ही सबस्टेशनची कंट्रोल रूम: विटांची की प्रीफॅब?

बुटीबोरीच्या कारखान्याला ३३ केव्ही (३३ हजार व्होल्ट) जोडणी घ्यायची आहे आणि दिवाळीच्या आत उत्पादन सुरू करायचंय, तर पॅनल (विजेच्या स्विचची कपाटं) आणि बॅटरीची इमारत विटांची बांधावी की कारखान्यात तयार होऊन येणारी प्रीफॅब आणावी, असं तुम्ही विचारलंय. नागपूर परिसरात मी हीच कामं करतो. तुमच्या मुदतीत मी प्रीफॅब घेईन. मात्र भिंतींच्या दरांची तुलना नंतर करा, आधी जमीन तपासून घ्या.

तिकडे बऱ्याच प्लॉटमध्ये काळी माती लागते. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि उथळ पायावरच्या भिंतींना तिरक्या चिरा पडतात. त्या चिरांतून पाणी येतं, पाली येतात, आणि पॅनलमध्ये पाल शिरली की शॉर्टसर्किट ठरलेलं. म्हणून विटांचं बांधकाम करायचंच तर माती परीक्षण करून साधारण साडेतीन मीटर खोलीचे अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब) आणि त्यावर बीम घ्या. नुसता मुरूम भरून भागवू नका. प्रीफॅबला पाया लागत नाही असं विक्रेते सांगतात, ते खरं नाही. तिला पेलणारे छोटे खांब, म्हणजे पेडेस्टल, हेही याच मातीत उभे राहणार. पण ती हलकी असते, पोलादी चौकटीवर बसते, त्यामुळे थोडी हालचाल झाली तरी तिला चिरा पडत नाहीत. शिवाय ती जमिनीपासून उंच असल्याने केबल खालून वर येतात. पावसाळ्यात ट्रेंचमध्ये (केबलच्या चरात) साचलेलं पाणी उपसायची वेळ येत नाही, आणि माझ्या मते हाच तिचा सगळ्यात मोठा फायदा.

आता उन्हाचं बघू. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि स्विचगिअर (पॅनलमधली स्विचची यंत्रणा) सहसा ४० अंशांच्या कमाल तापमानासाठी बनवलेलं असतं. विटांची खोली थंड राहते ही समजूत इथे फार पक्की आहे. पण प्रीफॅबच्या ५० मिमी इन्सुलेटेड भिंतीतून येणारी उष्णता नऊ इंची भिंतीपेक्षा बरीच कमी असते, आणि दिवसभर तापलेला स्लॅब ती रात्री आत सोडत राहतो. प्रीफॅबची अडचण वेगळी आहे. एसी बंद पडला की आतल्या यंत्रांच्याच उष्णतेने खोली झपाट्याने तापते. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत) हे परवडणार नाही. एकट्याने पुरेल असे दोन एसी, वेगवेगळ्या फीडरवर (वीजपुरवठ्याच्या लाइनवर), आणि तापमानाचा अलार्म हे ऑर्डरमध्येच लिहून घ्या. बॅटरीचं तापमान दहा अंशांनी जास्त राहिलं तर तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं.

भिंतींच्या आतलं भरण रॉकवूलचंच (दगडापासून केलेल्या लोकरीचं) घ्या. पीयूएफ (पॉलियुरेथेन फोम) स्वस्त पडतं, पण ते जळतं. सबस्टेशनसाठी मी ते कधीच सुचवत नाही. ट्रान्सफॉर्मर दोन्ही पर्यायांत बाहेरच राहील. खोलीजवळ ठेवावा लागला तर मध्ये आरसीसीची फायर वॉल हवी.

वेळेचा हिशोब उघड आहे. इथे पायाचं काम चालू असताना तिकडे प्रीफॅबच्या कारखान्यात पॅनल बसवून, वायरिंग करून, तपासून होतात. विटांच्या कामात स्लॅब, प्लास्टर आणि ओल सुकेपर्यंत पॅनल आत नेता येत नाहीत, आणि जूनमध्ये पाऊस आडवा येतो. वाहतुकीचं मात्र आधीच विचारा. रस्त्यावरच्या वाहनाची रुंदी २.६ मीटरपर्यंतच चालते, त्याहून रुंद मालाला वेगळी परवानगी लागते. प्लॉटवर क्रेन उभी राहायला जागाही हवी.

दिवाळीची घाई नसती आणि पुढे फीडर वाढणार असते, तर मी आरसीसी फ्रेम आणि फ्लायअ‍ॅशच्या विटा सुचवल्या असत्या. कोराडी-खापरखेड्याच्या राखेमुळे त्या इथे सहज मिळतात, आणि एका टोकाची भिंत पाडून खोली वाढवता येते.

ऑर्डर देण्याआधी ड्रॉइंग विद्युत निरीक्षक कार्यालयात दाखवा. बाहेर उघडणारी दारं, दुसरी वाट, आर्कचा (पॅनलमध्ये मोठी ठिणगी पडल्यावर होणारा) वायू बाहेर नेणारी डक्ट हे सगळं त्यात दिसलं पाहिजे, कारण तयार होऊन आलेल्या खोलीत नंतर नवं दार काढणं फार महागात पडतं.