डबा कशाला न्यायचा?

चि. पिल्लूस, अनेक आशीर्वाद.

फ्रिजवर लावलेली तुझी चिठ्ठी वाचली. शनिवारी आजी-आजोबा आणि आत्या-आतोबांना घेऊन इथे इंग्लंडातल्या बरी सेंट एडमंड्स या गावाला जायचंय, तिथे पावलोपावली कॅफे आहेत, मग आपण पोळीभाजीचा डबा कशाला न्यायचा, आणि मराठी माणसं बाहेर जेवत नाहीत का, असं तू विचारलंयस. जेवतात की! शनिवारी आपणही कॅफेत जाणार आहोत, पण तीन वाजता, चहाला. दुपारचं जेवण मात्र घरचं. का ते सांगते. आणि यंदा डबा भरायला तू हाताशी आहेस, म्हणून कसा भरायचा तेही.

आधी आजोबांचं घड्याळ बघ. त्यांना मधुमेह आहे. साडेबाराला गोळी आणि लगोलग जेवण. त्यांची गोळी अशी आहे की ती पोटात गेली आणि जेवण लांबलं, तर साखर खाली उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात. बरीचा बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो. बाजाराच्या दिवशी साडेबाराला कॅफेत सात जणांना एका टेबलाशी जागा मिळणं अवघडच. मिळाली तरी ऑर्डर देऊन ताट समोर यायला अर्धा तास सहज जातो. आणि उशीर करून अडीचला गेलात, तर बऱ्याच ठिकाणी गरम जेवण आवरलेलं असतं, केक आणि सँडविच उरतात. दारोदार मेन्यू वाचत फिरण्यात माणसं जेवढी दमतात, तेवढी चालून दमत नाहीत. डबा सोबत असला की बाकावर बसायचं, झाकण काढायचं, झालं. मग उरलेला दिवस सावकाश फिरायला मोकळा.

दुसरं, आजीचा शनिवारचा उपास. तिला कॅफेत चालेल असा एकच पदार्थ आहे, सालासकट भाजलेला बटाटा, म्हणजे जॅकेट पोटॅटो, वर नुसतं लोणी. पण सांगितलं नाही तर त्यावर बीन्स ओततात, आणि तो कडधान्याचा प्रकार, उपासाला चालत नाही. आजी-आत्या शाकाहारी. शाकाहारी माणसाची इथे फसगत होते ती दिसणाऱ्या पदार्थांत नव्हे, न दिसणाऱ्या गोष्टींत. चिप्स काही दुकानांत गाईच्या चरबीत तळतात. भाजीच्या सूपात कोंबडीचं पाणी असू शकतं. जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन असतं. प्रत्येक वेळी हे विचारत बसायचं आणि आजीने ओशाळं होऊन "मला भूक नाही गं" म्हणायचं, त्यापेक्षा डबा बरा.

या डब्याला आपल्याकडे जुना शब्द आहे, शिदोरी. वाटेसाठी बांधून घेतलेलं अन्न. गोपाळकाल्याची गोष्ट तुला माहीत आहे: सगळे गवळी आपापली शिदोरी एकत्र करून खातात. म्हणून आत्या तिच्याकडचा चिवडा काढेल तेव्हा "आमच्याकडे आहे" असं म्हणायचं नाही, आपल्या पानात घ्यायचा. कार्तिकात आवळ्याच्या झाडाखाली आवळीभोजन करतात, तिथेही डबे असेच फिरतात. तुझ्या मित्रांकडे ज्याचं सँडविच त्याच्या हातात असतं. त्यातही चूक काही नाही, रीत वेगळी.

आता काम. पोळ्या नव्हे, दशम्या करू. दशमी म्हणजे पाण्याऐवजी दुधात भिजवलेल्या कणकेची पोळी. पूर्वी सोवळं पाळणाऱ्यांना पाण्यात केलेलं अन्न प्रवासात चालत नसे, दुधातलं चाले. आपल्या घरात सोवळं नाही, दशमी तेवढी राहिली, कारण ती संध्याकाळपर्यंत मऊ राहते. आजी सोडून आपण सहा जण, मोठ्यांना तीन-तीन, तुला दोन, वर दोन-तीन जास्तीच्या, म्हणजे वीस. त्याला अर्धा किलो कणीक, साधारण 300 मिलिलिटर कोमट दूध, दोन मोठे चमचे तेल, अर्धा चमचा मीठ. दूध सगळं एकदम ओतू नकोस. इथलं चपातीचं पीठ पाकिटागणिक कमी-जास्त पितं. पीठ अर्धा तास झाकून ठेव. तवा मध्यम आचेवर. दुधातल्या साखरेमुळे दशमी पोळीपेक्षा लवकर करपते, बाहेर डाग आणि आत कच्ची राहते. तूप लावायचं नाही. घरात ते छान वाटतं, पण सप्टेंबरातल्या इथल्या थंडीत दुपारपर्यंत गोठून पांढरं होतं आणि टाळूला चिकटतं.

बहुतेकांची चूक होते ती पुढे. गरम दशम्या डब्यात घालून झाकण लावलं की वाफेचं पाणी होतं आणि तळच्या चार भिजून लगदा होतात. सुती पंचावर पसरून पूर्ण गार होऊ द्यायच्या, मग त्याच पंचात गुंडाळून डब्यात.

भाजी बटाट्याची, कोरडी. एक किलो बटाटे उकडून, मोहरी-हिंग-हळदीची फोडणी, हिरवी मिरची, कोथिंबीर. कांदा, टोमॅटो, ओलं खोबरं यांतलं काही नाही. कांदा-टोमॅटोने पाणी सुटतं, खोबरं आंबतं. भाजीही पसरून गार करायची आणि बर्फाच्या पिशवीसोबत थंड बॅगेत ठेवायची. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाच्या फोडी. लिंबं घरीच कापायची. स्वयंपाकघरातली सुरी सबळ कारणाशिवाय बाहेर बाळगणं इथे गुन्हा आहे. चालतो तो तीन इंचांपर्यंत पात्याचा, घडी होणारा आणि पातं उघडं अडकून न बसणारा छोटा चाकूच, आणि आजीच्या पिशवीत हमखास सुरी असते, तेव्हा निघताना तेवढं बघ. लसणाची चटणी नको, रेल्वेच्या बंद डब्यात वास कोंडतो. भात नको, गार झाला की टणक होतो आणि ताटल्या-चमचे वाढतात. याच कारणाने आजीला साबुदाण्याची खिचडी नाही. ती थंड झाली की गोळा होते. तिच्यासाठी राजगिऱ्याचे लाडू, बटाट्याचा उपासाचा चिवडा आणि दोन केळी.

थर्मास आधी उकळतं पाणी घालून पाच मिनिटं तापवायचा, मग ते ओतून चहा भरायचा. दूध घालून उकळलेला चहा तीन-चार तासांत उतरतो, आल्याचा असेल तर कधी फाटतोही. म्हणून कोरा, दुप्पट कडक चहा थर्मासात आणि दूध वेगळ्या बाटलीत. साखर घालायची नाही, आजोबांचा बिनसाखरेचा.

तिकिटं एकत्र काढू. तीन ते नऊ मोठी माणसं सोबत असली की रेल्वेच्या ग्रुपसेव्ह सवलतीत गर्दीची वेळ सोडून एक तृतीयांश सूट मिळते. तुझं तसंही निम्मं. केंब्रिजहून पाऊण तासाच्या आत पोचतो. स्टेशनापासून बाजार पंधरा मिनिटांवर, आजोबांच्या चालीने पंचवीस धर.

डबा उघडायचा तो ॲबी गार्डन्समध्ये, म्हणजे जुन्या मठाच्या जागेवरच्या बागेत. आत जायला पैसे नाहीत. चौदाव्या शतकातल्या मोठ्या दगडी दरवाजातून शिरलं की फुलांचे वाफे, मागे मठाचे अवशेष. राजा आठव्या हेन्रीने मठ बंद केले त्यात हाही 1539 मध्ये गेला. घडीव दगड लोकांनी उचलून नेले, उरला तो भिंतींच्या पोटातला चकमकीच्या दगडांचा गाभा. जवळच मठाच्या चर्चच्या पडक्या दर्शनी भिंतीतच बांधलेली घरं आहेत, त्यांत आजही माणसं राहतात. आतोबांना याचं नवल वाटणार नाही. आपल्याकडेही पडक्या गढ्यांचे दगड गावातल्या घरांच्या जोत्यात सापडतात. गवत दुपारपर्यंत दवाने ओलं असतं, तेव्हा खालून प्लास्टिक असलेली चटई घे. आजी-आजोबांना मात्र बाकच लागेल. बारा वाजता तू आणि बाबांनी पुढे जाऊन तो धरायचा. आणि कॅफेच्या टेबलावर आपला डबा कधीही उघडायचा नाही, कोणी पाहत नसलं तरी. ती जागा त्यांच्या विक्रीची आहे.

गावात शिरताना वारा तसा असेल तर गोडसर, मातकट वास येईल. तो साखर कारखान्याचा. 1925 पासून तो इथे बिटाची साखर काढतोय. आतोबा सांगलीकडचे, ते विचारणारच, म्हणून हे वाचून ठेव. ऊस तोडला की त्यातली साखर झपाट्याने उतरते, म्हणून तो दिवसा-दोन दिवसांत गाळावा लागतो. बीट शेताकडेला ढीग लावून आठवडेच्या आठवडे ठेवता येतं. आपला गाळप हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन वसंतात संपतो, इथला सप्टेंबरपासून फेब्रुवारीच्या आसपासपर्यंत. उसाचं चिपाड बॉयलरमध्ये जळतं, बिटाचा चोथा गुरांच्या पोटात जातो. आणि बिटाचा गूळ होत नाही. साखर काढून उरलेली बिटाची मळी चवीला वाईट असते. इथली तपकिरी साखर करताना बिटाच्या साखरेतसुद्धा उसाची मळी मिसळतात.

बाजारात आत्याला एक सांगून ठेव: फळं दाबून बघायची नाहीत आणि भाव करायचा नाही. भाव ते स्वतःच उतरवतात, तीननंतर, ओरडून. प्लम आणि सफरचंदं कॅफेतून निघाल्यावर घ्यायची. द नटशेल हा पंधरा फूट बाय सात फुटांचा पब बाहेरूनच बघू, सात जण आत मावणं कठीण आहे.

तीन वाजता कॅफे. तिथे स्कोन, म्हणजे चहासोबत खायचे छोटे गोडसर पाव, मिळतात. आजीला "स्कोन घेणार का" विचारलंस तर ती "नको" म्हणेल. तो नकार नाही, दुसऱ्यांदा विचारायची जागा आहे. इथली वाढणारी मुलगी मात्र तो खराच नकार धरते आणि निघून जाते. शिवाय उपास सूर्यास्ताला सुटेल, म्हणून आजीचा स्कोन बांधून घ्यायचा. अंडं आहे का ते आधी विचार. आत्याला न विचारता मागव. पैसे देताना आतोबा आणि बाबा ओढाताण करतील. त्याला उपाय सोपा आहे. मी आधीच काउंटरवर कार्ड लावून येईन, तू फक्त त्यांना बोलण्यात गुंतवून ठेव. साखर कारखान्याचं काढलंस तरी पुरे.

डबे येताना रिकामे आणायचे नाहीत. मोठ्या डब्यात प्लम बसतील, पिशवीत दबून फुटतात. पंचा तुझ्या सॅकमध्ये वेगळा ठेव, त्याला चटणीचं तेल लागलेलं असेल.

तुझी,
आई