नेट म्हणजे फक्त व्हॉट्सॲप नाही, काकू!

प्रश्न: मुलाने स्मार्टफोन दिलाय, व्हॉट्सॲप जमतं. पण सातबारा घरबसल्या मिळतो म्हणतात तो कसा? आणि पैसे जातील याची भीती वाटते.
– एक वाचक, बार्शी तालुका

उत्तर: काकू, आधी एक सांगते, व्हॉट्सॲप म्हणजे नेटवरचं एक दुकान, अख्खा बाजार नाही. ब्राउझर उघडा (क्रोमचं ते रंगीत गोल चिन्ह), महाभूलेख (ही जमिनीच्या नोंदींची सरकारी साइट) असं मराठीत टाइप करा किंवा माइक दाबून नुसतं बोला तरी चालतं, मग साइटच्या पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन (gov.in), म्हणजे सरकारी साइटची खूण, आहे ना ते बघा, आणि जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर टाकला की सातबारा समोर. हा फुकट, पण फक्त बघायला. बँकेत द्यायचा असेल तर महाभूमीच्या (हीपण सरकारीच) साइटवरून डिजिटल सहीचा घ्या, 15 रुपये लागतात आणि त्यावर तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नसते, केवढा हेलपाटा वाचला बघा!

आता भीतीचं. यूपीआय (फोनवरून पैसे देण्याची सोय) वापरताना टाकायचा गुप्त आकडा, म्हणजे पिन, फक्त पैसे देताना किंवा बॅलन्स बघताना लागतो, पैसे घ्यायला कध्धीच नाही, त्यामुळे कोणी फोनवर म्हणालं की पैसे पाठवतोय, पिन टाका, तर सरळ फोन ठेवा. फोनवर मेसेजने येणारा एकदाच वापरायचा आकडा, म्हणजे ओटीपी, कोणालाच सांगायचा नाही, बँकेचा माणूस म्हणाला तरी. आणि चुकून गेलेच पैसे तर लाजत बसू नका, लगेच 1930 ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा, जितक्या लवकर कळवाल तितकी ते अडवता यायची शक्यता जास्त.