आजोबांचा चष्मा आणि क्लिनिकल रिसर्चची वाट

प्रिय ऋतुजा (नाव बदललं आहे),

तुझं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तू सांगली जिल्ह्यातली, बी. फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला आहेस. बाबांचं मेडिकल आहे आणि पुढे ते तू बघावंस अशी त्यांची इच्छा आहे. चार महिन्यांपूर्वी आजोबा पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तू लिहितेस: "दुसऱ्या रात्री त्यांनी सलाईन ओढून काढलं आणि मला त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावानं हाका मारायला लागले. आठवड्यानं शांत झाले. पाय बरा झाला. पण महिन्याचा दुधाचा हिशेब तोंडी सांगणारा माणूस आता सकाळी चहा झाला की नाही हे विसरतो. सगळे म्हणतात, वयोमानानं होतं. सर, मला यावरच काम करायचंय. याला क्लिनिकल रिसर्च म्हणतात ना? एका इन्स्टिट्यूटनं सहा महिन्यांच्या डिप्लोमाचे एक लाख चाळीस हजार सांगितलेत, नोकरीची हमी देतात. भरू का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. भरू नकोस. अशा हमीची पावती घेऊन माझ्याकडे दरवर्षी कुणी ना कुणी पालक येतात. तीन मुलाखती दाखवल्या की ती हमी संपलेली असते. आणि या कामासाठी, म्हणजे रुग्णांवर पद्धतशीर अभ्यास करण्यासाठी, जे लागतं ते सहा महिन्यांत विकत मिळत नाही. त्यातलं थोडंसं तुझ्या पत्रात मला आत्ताच दिसलं.

‘वयोमानानं होतं’ हे वाक्य जगभर म्हटलं जातं. ऑक्सफर्डचे डॉक्टर बेडफोर्ड यांनाही म्हाताऱ्या रुग्णांचे नातेवाईक हेच सांगत, की ऑपरेशन झाल्यापासून हे पहिल्यासारखे राहिले नाहीत. बेडफोर्डनी ते ऐकून सोडून दिलं नाही. भूल देऊन ऑपरेशन झालेल्या, पन्नाशीपुढच्या जवळपास १२०० जणांची माहिती त्यांनी जमवली आणि १९५५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापली. पुढे युरोप-अमेरिकेतल्या रुग्णालयांनी मिळून साठ वर्षांवरचे १२१८ रुग्ण घेतले. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर स्मरणशक्ती, लक्ष, विचारांचा वेग यांच्या चाचण्या केल्या. १९९८ मध्ये निकाल आला: आठवड्यानं सुमारे २६ टक्के जणांची बुद्धी मंदावलेली, तीन महिन्यांनी सुमारे १० टक्के जणांची.

या अभ्यासातल्या दोन गोष्टींवर थांब, कारण त्यात सगळं शास्त्र आहे. ऑपरेशन न झालेल्या वयस्कर माणसांनाही त्यांनी त्याच चाचण्या तेवढ्याच दिवसांनी दिल्या. माणूस एखाद्या दिवशी उगाचच कमी गुण मिळवतो, तो भाग वजा करायला हवा ना! त्या गटात तीन महिन्यांनी घसरलेले निघाले २.८ टक्के. म्हणजे १० टक्के आणि २.८ टक्के यांतला फरक खरा होता. दुसरी गोष्ट जास्त मोलाची. संशोधकांचा संशय होता की ऑपरेशनच्या वेळी ऑक्सिजन कमी पडतो किंवा बीपी उतरतं, म्हणून हे होतं. त्यांनी दोन्ही मोजलं आणि दोन्हींचा संबंध आढळला नाही. तेही त्यांनी तसंच छापलं. आपल्या मनातलं कारण खोटं ठरलं तरी ते तसंच लिहायची तयारी तुझी आहे का, हे एकदा स्वतःला विचार. पुढची सगळी वाट त्यावर आहे.

आता आजोबांच्या दुसऱ्या रात्रीबद्दल. आपल्याकडे जुनी माणसं याला ‘वात झाला’ म्हणत, वॉर्डात डिलिरियम म्हणतात. तो अचानक येतो, दिवसभरात कमी-जास्त होतो आणि बहुतेकदा उतरतो. नंतर हळूहळू जाणवणारा विसराळूपणा वेगळा. दोघांची नोंद वेगळी ठेवावी लागते, चाचण्याही वेगळ्या. तुझ्या पत्राच्या मागच्या पानावर एक ओळ आहे: "हरवू नये म्हणून आम्ही त्यांचा चष्मा आणि कानाचं मशीन पिशवीत घालून घरी आणलं होतं." तुला ती किरकोळ वाटली असेल, मला पत्रातली सगळ्यात मोठी वाटली. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. शॅरन इनूये यांनी सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवर एक अभ्यास केला. ऑपरेशनचे नव्हते, मेडिसिन वॉर्डातले होते. उपाय काय, तर चष्मा लावून ठेवायचा, ऐकायचं मशीन कानात ठेवायचं, पाणी पाजत राहायचं, रात्री झोपू द्यायचं, लवकर चालवायचं, आज वार कोणता आणि आपण कुठे आहोत हे बोलत राहायचं. १९९९ मध्ये छापलेला निकाल असा की नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांत डिलिरियम १५ टक्के आणि या गटात ९.९ टक्के.

यावरून घरच्यांना दोष देऊ नकोस. एकट्या आजोबांच्या बाबतीत कशामुळे काय झालं हे असल्या अभ्यासातून सांगता येत नाही. तुम्ही केलंत ते काळजीपोटी केलंत, आणि कुणी सांगितलंच नव्हतं. पण कुणीतरी सांगायला हवं होतं. तुला ज्या क्षेत्रात यायचंय, ते याच कामासाठी आहे.

हे सगळं परदेशातच चालतं असं समजू नकोस. केमोथेरपीच्या मळमळीवर ओलान्झापिन देतात, डोस १० मिलिग्रॅमचा. मळमळ थांबते, पण दिवसभर गुंगी येते. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये २७५ रुग्णांवर चाचणी झाली: १० ऐवजी २.५ मिलिग्रॅम दिलं तर? २०२४ मध्ये निकाल छापून आला. छोट्या डोसनं मळमळ तितकीच आटोक्यात राहिली आणि गुंगी खूपच कमी झाली. नवं औषध नाही, महागडं यंत्र नाही. रुग्णाच्या तक्रारीची कुणीतरी नीट दखल घेतली.

हे काम जवळून कसं दिसतं ते सांगतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी एका मोठ्या रुग्णालयात स्टडी को-ऑर्डिनेटर आहे, म्हणजे अभ्यासात घेतलेल्या रुग्णांची विचारपूस आणि नोंदी ती बघते. तिच्याशेजारी बसून मी एक फोन ऐकला होता. पलीकडून एक काका म्हणाले, "बरं आहे." मी असतो तर फोन ठेवला असता. ती म्हणाली, "बरं म्हणजे काका, काल किती जेवलात? अर्धी भाकरी? आधी किती खायचात? दुपारी पेपर वाचताना डोळा लागतो का?" मग काका थोडे थांबले आणि म्हणाले, "गाडीवर बसायची भीती वाटते ग, चालवता चालवता झोप येते." हिनं तारीख, वेळ आणि त्यांचेच शब्द लिहून घेतले आणि लगेच डॉक्टरांना फोन लावला. तिच्या पहिल्या वर्षाचा पगार बेताचा होता, कागदपत्रं डोंगराएवढी. संमतीपत्र रुग्णाला कळेल अशा भाषेत समजावणं, वाचता न येणाऱ्या रुग्णासाठी त्रयस्थ साक्षीदार बसवणं, गंभीर प्रकार घडला की डॉक्टरांकडून चोवीस तासांच्या आत कळवला जाईल हे बघणं, रोज हेच.

दुसरी बाजू ऑफिसातली. पुण्या-मुंबईत फार्माकोव्हिजिलन्सच्या नोकऱ्या आहेत. जगभरातून आलेल्या दुष्परिणामांच्या नोंदी तपासायच्या, कोड द्यायचे, वेळेत पाठवायच्या. बी. फार्म.वर प्रवेश मिळतो आणि काम प्रामाणिक आहे. पण तिथे रुग्णाचा चेहरा दिसत नाही. तुझं पत्र वाचून मला वाटतं, तू आधी वॉर्डात जावंस.

शिक्षणाचं म्हणशील तर बी. फार्म.नंतर तीन वर्षांचा फार्म. डी. (पोस्ट बॅकलॉरिएट) माझी पहिली पसंती. त्यात वॉर्डात राउंडला उभं राहायला मिळतं आणि शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. तीन वर्षं परवडत नसतील तर जीपॅट ही प्रवेश परीक्षा देऊन फार्मसी प्रॅक्टिस किंवा फार्माकॉलॉजीत एम. फार्म. कॉलेज निवडताना इमारत बघू नकोस. मुलं आठवड्यातून किती दिवस खरोखर वॉर्डात जातात ते तिथल्या सीनियरना विचार. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चेन्नईतल्या संस्थेचा ‘हेल्थ रिसर्च फंडामेंटल्स’ हा ऑनलाइन कोर्स एनपीटीईएल या शिक्षण-संकेतस्थळावर असतो, तो या वर्षीच कर. संख्याशास्त्राला मात्र टाळाटाळ नको. बी. फार्म.ची मुलं तिथेच अडखळतात.

आणि बाबांच्या मेडिकलला अडचण समजू नकोस. तिथे गिऱ्हाईक येऊन सांगतं, "बीपीची गोळी बदलल्यापासून कोरडा खोकला लागलाय." रामिप्रिलसारख्या गोळ्यांनी असा खोकला येतो, हे तू शिकली आहेस. एखादी आजी सर्दीची गोळी घेऊन दोन दिवस बावचळल्यासारखी वागते आणि घरचे म्हणतात, वय झालं. क्लोरफेनिरामिननं वयस्कर माणसांत असं होऊ शकतं, हेही पुस्तकात आहे. शनिवार-रविवार काउंटरला बस आणि एक वही कर. नाव लिहायचं नाही. वय, औषध, कधी सुरू केलं, त्रास कधी सुरू झाला, डॉक्टरांनी औषध बंद केल्यावर थांबला का, सोबत आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत, एवढंच. मग प्रत्येक नोंदीला नारान्जो स्केलचे, म्हणजे त्रास औषधामुळेच झाला असण्याची शक्यता किती हे ठरवणारे, दहा प्रश्न लावून बघ. संशय पक्का वाटला तर फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडियाकडे कळव. त्यासाठी १८००-१८०-३०२४ ही हेल्पलाइन आहे, आणि रुग्णालाही स्वतः कळवता येतं. बाबांना हे पत्र वाचायला दे. इतकी वर्षं ते रोज जे ऐकत आले, तेच तू लिहून ठेवणार आहेस. माझा अंदाज आहे, वहीतल्या पहिल्या दहा नोंदी तेच सांगतील. त्या झाल्या की मला पाठव.

राहिले आजोबा. ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, झोपेच्या आणि सर्दीच्या गोळ्यांसकट, घेऊन त्यांना या महिन्यातच न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. दुधाचा हिशेब कधीपासून चुकायला लागला, पडण्याआधी की नंतर, हे आजीला विचारून तारखेनिशी लिहून ने. डॉक्टर तपासतील तेव्हा चष्मा डोळ्यांवर आणि मशीन कानात असू दे.