पाकिटांची पिशवी

“चर्चमध्ये कर्जाचं सांगावं का? सांगितलं तर रविवारी तोंड कसं दाखवायचं?” कर्जाच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता पहिल्याच भेटीत त्याची वाट बघतो. त्यातल्याच एका गृहस्थांची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

ते आले तेव्हा हातात एक कापडी पिशवी होती. आत बँकेची, कार्डाची, वसुलीची पाकिटं. एकही फोडलेलं नाही. मोबाइल टेबलावर पालथा ठेवला होता आणि तो तासाभरात सात-आठ वेळा थरथरला. दर वेळी ते बोलता बोलता थांबायचे. बायकोला कर्ज आहे एवढं ठाऊक होतं, किती ते नाही. “रात्री झोपलो की सकाळ होऊच नये असं वाटतं,” असं त्यांनी सहज बोलल्यासारखं म्हटलं.

असं वाक्य कानावर आलं की मी हिशेब बाजूला ठेवतो. मरणाचे विचार येतात का, काही ठरवलंय का, हे सरळ शब्दांत विचारतो. विचारल्यानं ते विचार डोक्यात शिरत नाहीत. उलट बोलायला वाट मिळते. त्यांच्या संमतीनं बायकोला बोलावलं, डॉक्टरांची भेट ठरवली. पहिले दोन आठवडे आम्ही पैशाचं नावच काढलं नाही.

तिसऱ्या भेटीत चर्चचा विषय निघाला. हे स्वतः प्रार्थनासभा चालवणारे, दुसऱ्यांची ओझी देवापुढे मांडणारे. “आता मीच कसं सांगू?” मी त्यांना प्रभूची प्रार्थना म्हणायला सांगितली. “आमची ऋणे आम्हांस सोड” इथं आले आणि अडखळले. मराठी बायबलात, मत्तयाच्या सहाव्या अध्यायात, शब्द ‘ऋण’ असाच आहे. रोज तोंडात असलेला शब्द त्यांना त्या दिवशी बहुधा पहिल्यांदा ऐकू आला.

पाळकांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे, ते बायकोला घेऊन गेले. पाळकांनी उपदेश केला नाही, हे त्यांचं थोरपण. मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्याच सभासदांतल्या, हिशेबखात्यातून निवृत्त झालेल्या एका मावशींना त्यांनी सोबत दिलं. मावशींनी पिशवी टेबलावर उलटी केली, भाजी चिरायच्या सुरीनं एकेक पाकीट फोडलं, तारखेप्रमाणे गठ्ठे लावले आणि वहीत पेन्सिलीनं चारच रकाने आखले : कोणाचं, किती, व्याज किती, हप्ता कधीचा. अडीच तास गेले. शेवटी जो आकडा आला तो मोठा होता, पण मनात धरलेल्या आकड्याहून लहान. मी पाहिलेल्या बऱ्याच कर्जदारांचं असंच होतं.

सगळ्यात महाग होतं क्रेडिट कार्ड. महिना ३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. चक्रवाढीनं वर्षाला ते ४२ टक्क्यांवर जातं. किमान रक्कम म्हणून थकबाकीचे ५ टक्के भरले तर त्यातले ३ व्याजातच जातात, मुद्दल जेमतेम २ टक्क्यांनी हलतं. म्हणून आधी कार्ड, बाकीच्यांचे ठरलेले हप्ते चालू. हिशेबानं हेच बरोबर. तरी एक अपवाद आम्ही मुद्दाम केला : मेहुण्याकडून घेतलेली छोटी हातउसनी रक्कम सगळ्यात आधी परत केली. त्यावर व्याज नव्हतं, पण घरातला अबोला होता.

मंडळीनं कर्ज द्यावं का? माझं मत, नाही. आणि जामीनही राहू नये. बायबलातल्या नीतिसूत्रांच्या २२व्या अध्यायात त्याबद्दल स्पष्ट इशारा आहे. एका कर्जाच्या जागी दुसरं आलं की मंडळीतला माणूस सावकार होतो आणि बाक बदलून बसायची वेळ येते. बायबलातल्याच ‘२ राजे’ या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात कर्जबाजारी विधवेला अलीशा संदेष्टा शेजाऱ्यांकडून पैसे मागायला सांगत नाही, रिकामी भांडी मागायला सांगतो. घरातल्या थोड्याशा तेलानं ती भरतात आणि ते तेल विकून कर्ज फिटतं. इथं भांडी म्हणजे मावशींचे अडीच तास, वसुलीवाल्याशी बोलताना शेजारी बसलेला एक तरुण वकील आणि दोन महिने न मागता दारात आलेलं वाणसामान. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला १९९६मध्ये जॉन किर्कबी यांनी सुरू केलेली ‘ख्रिश्चन्स अगेन्स्ट पॉव्हर्टी’ ही संस्थाही स्थानिक चर्चना हाताशी धरूनच कर्जदारांच्या घरापर्यंत पोचते.

दशांशाचा, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग चर्चला देण्याचा, प्रश्न बायकोनं विचारला. पाळक म्हणाले, आधी लोकांचं देणं द्या. देवाच्या घराला तुमच्या हप्त्याचे पैसे नकोत. सगळेच पाळक असं म्हणतील असं नाही.

आणि एक गडबड झालीच. कोणीतरी प्रार्थनासभेत “आपल्या एका कुटुंबाच्या आर्थिक संकटासाठी” असं मोठ्यानं म्हटलं. नाव घेतलं नाही, पण माना वळल्या. हे गृहस्थ तीन रविवार फिरकले नाहीत. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो : पाळकांशी पहिल्याच बोलण्यात ठरवून घ्या, हे कोणाकोणाला कळेल आणि कोणाला नाही. प्रार्थनेच्या नावाखालीसुद्धा नाही.

चौदा महिने झालेत. मेहुण्याचं आणि कार्डाचं फिटलं, दोन खाती बाकी आहेत, मधे एक हप्ता चुकलाही. वही आता बायकोकडे असते. परवा माझ्यासमोर मोबाइल वाजला. त्यांनी उचलला, “पाच तारखेला भरतो, ठरलंय तेवढेच,” म्हणाले, आणि आमचं अर्धवट राहिलेलं बोलणं पुढे सुरू केलं.