वाचक विचारतात : आकडा लहरींचा की हाताचा?

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी पांढऱ्या उंदरांना २४५० मेगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्हचे पल्स (क्षणभराचे तुटक झोत) देऊन रक्तातले कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक मोजतो आहे. लहरी न दिलेल्या उंदरांतही आकडे चढेच येतात. कुठे चुकते? (पाषाण, पुणे)

उत्तर : आधी तपासणीचे किट बदला. उंदराच्या ॲड्रिनल ग्रंथीत कॉर्टिसॉल बनवणारे एन्झाइमच जवळजवळ नसते. त्याचे ताणाचे संप्रेरक कॉर्टिकोस्टेरॉन.

चढा आकडा बहुधा तुमच्या हाताचा आहे. पिंजरा हलला की साधारण तीन मिनिटांत रक्तातली पातळी चढू लागते. हात लावताच स्टॉपवॉच सुरू करा आणि तेवढ्यात रक्त घ्या. एकाच पिंजऱ्यातून एकामागून एक उंदीर काढलेत, तर शेवटचा सगळ्यात ‘तणावग्रस्त’ निघणारच. रोजची वेळही एकच ठेवा : पातळी सकाळी तळाला असते, दिवे मालवायच्या सुमारास शिखरावर. गुरुवारी वीज गेली आणि दिव्यांचा टायमर मागे पडला, की हे चक्र सरकते. खिडकीखाली ढोलपथकाचा सराव असेल, तर ते दिवस सरळ सोडून द्या.

गट तीन हवेत : नुसता पिंजऱ्यात ठेवलेला, शॅम आणि लहरींचा. शॅम म्हणजे लहरी देताना उंदीर ठेवता तीच नळी, तोच पंखा, तेवढाच वेळ; फक्त लहरी बंद. नळीची सवय आधी काही दिवस लावा.

आता पल्स. १० मायक्रोसेकंदांचे ८०० पल्स दर सेकंदाला, म्हणजे लहरी ०.८ टक्के वेळच चालू. सरासरी ०.४८ मिलिवॅट दर चौरस सेंटिमीटर असेल, तर पल्सच्या क्षणी ६० असते. दोन्ही आकडे नोंदवा. पुरेशा तीव्र पल्सने डोक्यातल्या ऊती किंचित प्रसरण पावतात आणि प्राण्याला टकटक ऐकू येते. मग ताण आवाजाचा की लहरींचा? म्हणून तेवढीच सरासरी असलेल्या अखंड लहरींचा चौथा गटही ठेवता आला तर उत्तम.

शरीराचे तापमान मोजलेच पाहिजे, कारण कॉर्टिकोस्टेरॉन त्याच्याबरोबर चढते. लहरी चालू असताना धातूचा प्रोब नको, फायबर ऑप्टिक वापरा. पाण्याच्या बाटलीची स्टीलची तोटीही काढा.

वॉशिंग्टन विद्यापीठात याच मापाचे पल्स १०० उंदरांना २५ महिने दिले होते. सुरुवातीच्या तपासणीत कॉर्टिकोस्टेरॉन वाढलेले दिसले. पुन्हा केलेल्या प्रयोगात ते दिसले नाही. तुमचे उंदीर वाढ दाखवोत वा न दाखवोत, लगेच प्रबंध लिहायला बसू नका.

प्रश्न : मोबाइलचा टॉवर आल्यापासून कुत्रा बेचैन आहे. कॉर्टिसॉल तपासू का? (कोथरूड)

उत्तर : एका नमुन्यावर नको. दवाखान्याच्या टेबलावर चढवल्यानेही ते वाढते. आधी कान आणि सांधे दाखवा.