घर आपलं, जमीन कुणाची? : वाचकांचे कायदेविषयक प्रश्न

प्रश्न : ठाण्यात आमची 28 सदनिकांची इमारत आहे. सोसायटी 2003 साली नोंदली. बिल्डरने कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावे करणारा दस्त, दिलेलं नाही, आता तो फोनही उचलत नाही. मूळ जमीनमालक वारले आहेत आणि भोगवटा प्रमाणपत्रही नाही. पुनर्विकासाचा विषय निघाल्यावर सगळे जागे झालेत. काय करावं?

उत्तर : करारात वेगळी मुदत ठरली नसेल, तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत जमीन आणि इमारत तिच्या नावे करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. हे 1963 च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या सदनिका मालकी कायद्यात आहे आणि कसूर केल्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूदही आहे. पण बिल्डर आत गेला म्हणून सातबाऱ्यावरचं नाव बदलत नाही. तुमचा रस्ता मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सचा. मोफात 2008 साली झालेल्या दुरुस्तीने तो खुला झाला. यात बिल्डरची सही लागत नाही.

आधी सर्वसाधारण सभेत ठराव करा आणि बिल्डरला नोटीस पाठवा. मग सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे नमुना 7 मध्ये अर्ज करा. त्यावर 2,000 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. सोबत सोसायटीचा नोंदणी दाखला, सदस्यांची यादी, नोंदलेले करारनामे आणि इंडेक्स दोन (दस्त नोंदणीचा उतारा), ताजा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा आणि बिल्डर व जमीनमालक यांच्यातला विकास करार जोडा. भोगवटा प्रमाणपत्र नाही म्हणून अडायचं कारण नाही, सोसायटीचं स्वयंघोषणापत्र चालतं.

अर्ज अडकतात ते बहुतेक तीन ठिकाणी. पहिलं, प्रतिवादी. फक्त बिल्डरला प्रतिवादी केलं आणि जमीनमालकाच्या वारसांना वगळलं, तर मिळालेला आदेशही पुढे उच्च न्यायालयात टिकत नाही. वारसांची नावं फेरफार नोंदींत शोधा. पत्ते सापडले नाहीत तर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागते. दुसरं, क्षेत्रफळ. करारात एक आकडा, नकाशात दुसरा आणि मिळकत पत्रिकेवर तिसरा, ही अवस्था नेहमीचीच. वास्तुविशारदाकडून क्षेत्राचा दाखला अर्ज करण्याआधी घ्या, सुनावणीत हरकत आल्यावर नव्हे. एकाच भूखंडावर अनेक इमारती असतील, तर रस्ते आणि मोकळ्या जागेतला तुमचा प्रमाणशीर हिस्साही त्या दाखल्यात यायला हवा.

तिसरं, मुद्रांक शुल्क. सदनिका तीन वेळा विकली गेली असली, तरी इथे पाहिला जातो तो बिल्डर आणि पहिला खरेदीदार यांच्यातला करार. त्यावर पूर्ण शुल्क भरलेलं असेल, तर कन्व्हेयन्सच्या वेळी ते वळतं होतं. 10 डिसेंबर 1985 पूर्वीच्या करारांना नाममात्र शुल्क होतं, तुमची इमारत त्यात बसत नाही. कुणाचा करार कमी शुल्काचा निघाला, तर तूट आणि त्यावर दरमहा 2 टक्के दंड बसतो. दंडाची कमाल मर्यादा तुटीच्या चौपट. एका सदस्याच्या कागदापायी सत्तावीस जण खोळंबतात, म्हणून सगळ्या फाइली आधीच चाळा.

उपनिबंधकांचा आदेश आणि प्रमाणपत्र हातात आलं की बऱ्याच सोसायट्या पेढे वाटून थांबतात. काम तिथे निम्मंच झालेलं असतं. दस्ताचा मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे शुल्क ठरवून घ्यायला, न्यायचा, तिथे ठरेल ते शुल्क भरायचं, दुय्यम निबंधकांकडे दस्त नोंदवायचा आणि त्याची प्रत घेऊन नगर भूमापन कार्यालयात किंवा तलाठ्याकडे फेरफाराचा अर्ज द्यायचा. मिळकत पत्रिकेवर सोसायटीचं नाव चढेपर्यंत पुनर्विकासाच्या करारावर सह्या करू नका.

प्रश्न : पुण्यात जुना फ्लॅट घेतोय. तो विकणाऱ्याच्या दिवंगत वडिलांच्या नावे होता, मृत्युपत्र नाही. मुलगा नॉमिनी होता, त्यामुळे शेअर सर्टिफिकेट आता त्याच्या नावे आहे. त्याची बहीण अमेरिकेत असते. ‘तिचा काही संबंध नाही’ असं तो म्हणतो.

उत्तर : संबंध आहे. नॉमिनेशनमुळे सोसायटीला कुणाशी व्यवहार करायचा ते ठरतं, मालकी ठरत नाही. सहकार कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर तर नॉमिनीला तात्पुरता सदस्य असंच म्हटलं आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई हे सगळे पहिल्या वर्गातले वारस. आई हमखास विसरली जाते. वडील वारले त्या दिवशी आजी हयात होती का, हे स्पष्ट विचारा. असेल तर तिचा हिस्सा पुढे तिच्या वारसांकडे, म्हणजे कदाचित विकणाऱ्याच्या काका-आत्यांकडेही गेला आहे.

बहिणीसाठी दोन वाटा आहेत. एक, तिने भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून द्यावं. ते नोंदवलेलंच हवं, नोटरीच्या शिक्क्याने भागत नाही. दुसरी, तिने तुमच्या खरेदीखतात विकणारी म्हणून सही करावी. दोन्हींसाठी तिला इथे यावंच लागेल असं नाही. अमेरिकेत नोटरी आणि अपोस्टिल (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणन) केलेलं किंवा भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं कुलमुखत्यारपत्र चालतं. मात्र ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायला हवं. ही मुदत हुकते आणि मग ऐन नोंदणीच्या दिवशी दस्त परत येतो.

मोबदला न घेता हक्क सोडायची तिची खरोखर तयारी असेल, तर पहिली वाट तुम्हाला सोपी. कारण 50 लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात निवासी विक्रेत्याच्या रकमेतून 1 टक्का टीडीएस कापायचा असतो, पण विक्रेता अनिवासी असला की हा 1 टक्का आणि 50 लाखांची सूट, दोन्ही लागू होत नाहीत. तिच्या हिश्श्यावर बराच जास्त कर कापावा लागतो आणि कापला नाही तर वसुली तुमच्याकडून होते.

प्रश्न : बिल्डरशी करारावर सह्या झाल्या, मुद्रांक शुल्कही त्याच दिवशी भरलं, पण नोंदणी राहून गेली. पाच महिने झालेत.

उत्तर : मुदत सही झाल्यापासून चार महिन्यांची. त्यानंतर आणखी चार महिने दंड भरून नोंदणी होते आणि दंड नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत लागू शकतो. म्हणजे तुमच्याकडे अजून जेमतेम तीन महिने आहेत, याच आठवड्यात दुय्यम निबंधकांकडे जा. आठ महिने उलटले, तर मूळ करार जोडून दोन्ही पक्षांनी पुष्टीलेख, म्हणजे तो करार मान्य असल्याचा नवा दस्त, करून तो नोंदवायचा, ही रूढ पद्धत आहे. पण त्यासाठी बिल्डर पुन्हा सहीला यायला हवा आणि दरम्यान भाव वाढले असतील तर तो येईलच असं नाही. आणखी एक : रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्यानुसार नोंदलेला करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. तुम्ही जास्त दिली असेल, तर त्याच्या पावत्या जपून ठेवा, बिल्डर सहीला टाळाटाळ करू लागला तर महारेराकडे, म्हणजे या कायद्याच्या राज्यातल्या प्राधिकरणाकडे, त्या उपयोगी पडतील.

प्रश्न : सदनिका नावावर करायला सोसायटी ‘विकास निधी’ म्हणून दीड लाख मागते. द्यावे का?

उत्तर : नाही. महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्याची, म्हणजे सदनिका नावावर करताना सोसायटी घेते त्या प्रीमियमची, कमाल मर्यादा 25,000 रुपये आहे. त्यावर 500 रुपये हस्तांतरण फी आणि 100 रुपये प्रवेश फी. देणगी, निधी, कोणत्याही नावाने जास्त मागता येत नाही. कुटुंबीयांत किंवा वारसाकडे हस्तांतर असेल, तर अधिमूल्य मुळीच नाही. पूर्ण अर्ज आणि ठरलेली रक्कम पोचपावती घेऊन द्या. समितीने तो स्वीकारला नाही, तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि उपनिबंधकांकडे तक्रार करा.