उशिरा गेलेला समाचार

प्रिय ताई,

मी बोरिवलीला राहते. वय ३८, बँकेत नोकरी. २०१९ साली इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेले होते. शेजारच्या खोलीत ब्रह्मदेशातली एक मुलगी होती, मंडालेची. नऊ दिवस एकमेकींकडे बघायचंसुद्धा नाही. दहाव्या दिवशी मौन सुटलं आणि आम्ही ज्या बोलत सुटलो! मी म्हटलं, मंडाले मला शाळेपासून माहीत आहे, आमचे टिळक तिथे तुरुंगात होते. तिला टिळक माहीत नव्हते, पण रत्नागिरी माहीत होती. त्यांचा शेवटचा राजा तिथे कैदेत वारला ना! खूप हसलो आम्ही. तेव्हापासून मोडक्यातोडक्या इंग्रजीत आमचे मेसेज चालायचे. मी फराळाचे फोटो पाठवायचे, ती त्यांच्या पाण्याच्या सणाचे. केसांत फुलं माळलेला तिच्या आईचा एक फोटोही आहे माझ्याकडे.

२०२५ च्या २८ मार्चला तिथे भूकंप झाला. 'ठीक आहेस ना? स्टे स्ट्राँग' असं मी लगेच पाठवलं. स्टेटसला कोसळलेल्या पॅगोड्याचा फोटो आणि पणती टाकली. नणंदेने फॅमिली ग्रुपवर लिहिलं, 'इथे रोज लोकलमधून माणसं पडतात, त्यांच्यासाठी कधी पणती नाही लावलीस.' सासूबाई म्हणाल्या, लांबच्या लोकांचं आपल्याला काय करायचंय. पाच दिवसांनी तिचा मेसेज आला: 'आई गेली. घर उभं आहे पण आत जायची भीती वाटते. रस्त्यावर झोपतो.' मी तेव्हा लोकलमध्ये होते. काय लिहावं सुचेना, म्हणून हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. घरी जाऊन नीट लिहू म्हटलं, त्याला साडेपाच महिने झाले. तिचाही काही मेसेज नाही. आता कुठल्या तोंडाने लिहू? आणि नणंद म्हणते तसं, माझं ते दुःख दिखाऊच होतं का?

– लाजलेली, बोरिवली

प्रिय लाजलेली,

तुझं पत्र वाचलं आणि आधी कॅलेंडर पाहिलं. पितृपक्ष चालू आहे. तुझ्या घरीही या पंधरवड्यात कोणाचं तरी पान वाढलं गेलं असेल. ते लक्षात ठेव, त्याच्याकडे मी परत येणार आहे.

पहिल्यांदा ते हात जोडल्याचं चिन्ह. माझे यजमान गेले तेव्हा अशी चिन्हं मला ढिगाने आली. कोणी पाठवली ते आज एकाचंही आठवत नाही, म्हणजे राग धरायलाही नाव नाही. पाठवणाऱ्यांना मात्र ती बोचत असतील, तुझ्यासारखी. तेव्हा त्या चिन्हाचा हिशोब तिच्याकडे फारसा नसेल. तिच्याकडे हिशोब असेल तो त्यानंतर तू गप्प राहिलीस त्याचा. आणि तो फेडता येतो.

तिच्या मेसेजकडे जरा नीट बघ. शुक्रवारची दुपार, ७.७ तीव्रतेचा धक्का. सागाइंग भ्रंश नावाची जी मोठी भेग त्या देशातून दक्षिणोत्तर जाते, ती मंडालेला अगदी लागून आहे. ३,७०० हून जास्त माणसं गेली. रमजान संपत आला होता आणि जुम्म्याची नमाज चालू होती, त्यामुळे मशिदींतच कितीतरी जण दगावले. विहार पडले, इरावतीवरचा इंग्रजांच्या काळातला आवा पूल पडला, टिळकांचा तुरुंग ज्या किल्ल्यात होता त्याच्या तटाचे भागही ढासळले. हजार किलोमीटरवर बँकॉकमध्ये बांधकाम चालू असलेली उंच इमारत खाली बसली, म्हणजे मंडालेत काय झालं असेल! वर २०२१ पासून लष्कराची राजवट आणि यादवी. फोन धड लागत नव्हते, वीज नव्हती, आणि एप्रिलचं तिथलं ऊन आपल्या विदर्भासारखं. अशात पाच दिवसांनी तिच्या हातात चालू फोन आला आणि तिने बोरिवलीला लिहिलं. थोडकी माणसं निवडली असतील तिने, त्यात तू होतीस. हे तुला टोचावं म्हणून सांगत नाही. तुमची ओळख नुसती दिवाळीच्या फोटोंपुरती आहे, असं जे तू स्वतःला समजावत असशील, ते खरं नाही एवढंच.

आता माझी एक गोष्ट.

१९९३ साली मी फोर्टातल्या एका कचेरीत नोकरीला होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी, गिरगाव चौपाटीवरून आम्ही उशिरा घरी येऊन झोपलो होतो. तिकडे लोक विसर्जन करून झोपले होते, ते जाड दगडमातीच्या भिंती आणि वरचं मातीचं माळवद यांच्याखाली झोपेतच गाडले गेले. जवळजवळ दहा हजार. आमच्या चाळीने जुने कपडे गोळा करून पाठवले, त्यात कोणीतरी लग्नातला कोटही टाकला होता. असो. आमच्या सेक्शनला सास्तूरचा एक क्लार्क होता. त्याची आई आणि भावजय गेली. महिन्याभराने तो कामावर परत आला.

आम्ही सगळ्यांनी आपापलं कर्तव्य केलं. 'धीर धरा.' 'देवापुढे कोणाचं चालतं?' 'सरकारने घरं बांधून द्यायचं म्हटलंय ना?' तो मान हलवायचा आणि फाईल पुढे ओढायचा. मग एका दुपारी, डबे उघडलेले असताना, झाडू मारायला येणारी बाई त्याच्या टेबलाशी खाली फरशीवर बसली आणि म्हणाली, "आई कशी होती हो तुमची? काळी का गोरी?"

तो हातातला घास खाली ठेवून बोलायला लागला. काळी होती. फटकळ होती. मिश्री लावायची. करडईची भाजी तिच्यासारखी कोणाला जमत नसे. माळवदावर चढून शेजारणीशी भांडायची. मुंबईला एकदाच आली आणि संडास घरातच आहे हे बघून दोन दिवस जेवलीच नाही. हे सांगताना तो हसला आणि मग जो रडला! जेवणाची सुट्टी संपली तरी कोणी उठलं नाही. आम्ही पन्नास माणसं महिनाभर त्याच्याशी भूकंपाबद्दल बोलत होतो. त्याच्या आईबद्दल कोणी विचारलंच नव्हतं.

आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या घरी जाण्याला समाचाराला जाणं म्हणतात. तिथे जाऊन विचारपूस करायची: कसं झालं, शेवटी काय बोलल्या, जेवल्या होत्या का. बाहेरून बघणाऱ्याला ते चोंबडेपणाचं वाटेल. पण घरातल्या माणसाला तेच पुन्हापुन्हा सांगायचं असतं. तू लोकलमध्ये उभं राहून जे शोधत होतीस ते सांत्वनाचं वाक्य होतं, आणि तसं वाक्य नसतंच, म्हणून सापडलं नाही. विचारायला तर तुला येतं. इगतपुरीला दहाव्या दिवशी तू तेच केलं होतंस.

उशिराचं म्हणशील, तर तेराव्यापर्यंत माणसांची रीघ असते. शेजारून पिठलंभात येतो, चहाची कपबशी कोरडी होत नाही. चौदाव्या दिवशी घर रिकामं होतं. मला स्वतःला जी दोन पत्रं आठवतात ती चार आणि सात महिन्यांनी आलेली. एवढ्या मोठ्या आपत्तीत तर तेही उलटंच. तिथे प्रत्येक घरात मेलेलं माणूस, कोणी कोणाकडे समाचाराला जायचं? बातम्या आठवडाभर चालल्या, मग जग दुसरीकडे वळलं. मंडालेच्या तुरुंगात १९१२ साली टिळकांना पत्नी गेल्याची तार मिळाली, तेव्हा त्यांच्याकडे पुण्याहून कोण जाणार होतं? तुझ्या मैत्रिणीची आई गेली तेव्हा तिच्याभोवती अख्खं शहर होतं, पण विचारणारं माणूस बहुधा नव्हतं.

आता लिहायचं कसं. इंग्रजीतच लिही, पण सोपं. साधारण असं:

'त्या दिवशी मी नुसते हात जोडले आणि पुढे काही लिहिलं नाही. मला माफ कर. तुझ्या आईचा केसांत फुलं माळलेला फोटो माझ्याकडे आहे, आज पुन्हा पाहिला. आमच्याकडे सध्या गेलेल्या माणसांची आठवण काढायचे पंधरा दिवस चालू आहेत. त्यांना जे आवडायचं ते आम्ही रांधतो. तुझ्या आईला काय आवडायचं? उत्तराची घाई नाही.'

माफी एका ओळीत संपव. मी किती घाबरले, ऑफिसात किती काम होतं, रोज कशी आठवण यायची, हे लिहू नकोस. नाहीतर आई तिची गेली आणि समजूत तिने तुझी काढायची, असं होईल. 'निदान घर तरी वाचलं' चालणार नाही. आणि तू विपश्यनेची म्हणून खास सांगते, 'सगळं अनित्य आहे' हे तर मुळीच लिहू नकोस. ते तिला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिच्या देशातूनच ते विपश्यना शिकवणाऱ्या गोएंकागुरुजींबरोबर इकडे आलं, आणि गुरुजींचा जन्मही मंडालेचाच.

शेवटी लिहायचंच तर तीनदा 'साधु' लिही. त्यांच्याकडे माणूस गेल्यावर सातव्या दिवशी भिक्खूंना भोजन देतात, थेंबथेंब पाणी सोडून त्या दानाचं पुण्य सगळ्यांना वाटतात, आणि ऐकणारे 'साधु, साधु, साधु' म्हणतात. तिकडे उच्चार थोडा वेगळा, 'थादु'. शिबिरात तूही हे म्हटलं असशील. तो सातवा दिवस तिला नीट करता आला की नाही कोणास ठाऊक.

एक सावधगिरी. तिथे फेसबुक २०२१ पासून बंद आहे, तरुणांना सक्तीने लष्करात घेण्याचा कायदा २०२४ पासून लागू आहे, आणि फोन तपासले जातात. तेव्हा मेसेजमध्ये राजवटीचा, निवडणुकीचा विषय काढू नकोस. तिचा फोटो किंवा नाव स्टेटसला तर अजिबात नको. पैसे पाठवावेसे वाटले तर आधी तिलाच विचार, कसे आणि कोणाकडे.

आता नणंद. तिचं बोलणं खोचक होतं, पण फोटोबद्दल मी थोडी तिच्या बाजूची आहे. तो पॅगोडा पडला तेव्हा आत कोणी असेल. तुझ्या स्टेटसवर तो गुढीपाडव्याच्या रांगोळीच्या आणि कोणाच्या तरी वाढदिवसाच्या मधे चोवीस तास राहिला आणि गेला. त्यात खोटेपणा नव्हता. तुला काहीतरी करायचं होतं आणि हाताशी तेवढंच होतं. पण तिला मिळालं असतं असं त्यात काही नव्हतं. लोकलमधल्या माणसांचं म्हणशील, तर तिला खरंच त्यांची कळकळ असेल तर उत्तमच, पण मी पाहिलंय, जे मंडालेसाठी पणती लावू देत नाहीत ते मुंब्र्याला लोकलमधून पडलेल्यांसाठीही लावत नाहीत. तिच्याशी वाद घालू नकोस. ग्रुपवर तर नकोच.

सासूबाईंवर मात्र माझा विश्वास आहे. ज्या बाई 'लांबच्या लोकांचं काय' म्हणतात, त्याच या दिवसांत गेलेल्या माणसाला काय आवडायचं ते आठवून आठवून रांधतात, आणि कावळा शिवला नाही की डोळ्याला पदर लावतात. तू त्यांना भूकंपाची बातमी सांगितलीस. त्यांना तो फोटो दाखव. 'ही माझ्या मैत्रिणीची आई, मार्चमध्ये गेली,' एवढंच म्हण. बघ, वय विचारतील, मुलं किती ते विचारतील.

उत्तर येईलच असं नाही. ती यांगूनला गेली असेल, नंबर बदलला असेल, तिला तुझ्याशी बोलावंसं वाटत नसेल, तोही तिचा हक्क आहे. महिन्याभराने एकदा आणि पुढच्या २८ मार्चला एकदा लिही. तेवढं पुरे.

आणि उत्तर आलं, आईला अमुक आवडायचं असं तिने लिहिलं, तर ते एकदा घरी करून बघ आणि तिला फोटो पाठव. फक्त मोहिंगा, म्हणजे तिकडचा शेवयांचा रस्सा, निघाला तर त्यात मासे असतात, हे सासूबाईंना आधी सांग. पितृपक्ष आणि नवरात्र होऊन जाऊ दे.

– तुझी ताई